यादीतून नाव कमी होणेबाबत

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, वकील आहेत. अंगकाठी छत्रीच्या दांड्याएवढी, आवाज मात्र शेजारच्या कोर्टातला न्यायाधीश दचकेल असा. तीस वर्षं त्यांनी अशा गर्जना केल्या. पण समोरच्यानं नुसती बाही सारली तरी त्यांची पहिली धाव ताईच्या पाठीमागे.

त्यांच्या जिवावर उठले ते बेकरीवाले दोघे भाऊ. भट्टी कुणाची, एवढाच वाद. थोरला भाऊजींचा अशील. त्यानं लोखंडी ट्रेनं धाकट्याचा जबडा फोडला; धाकट्यानं त्याचा पंजा तापल्या भट्टीच्या दारावर कातडी सुटेपर्यंत दाबून धरला. "आता तरी तडजोड करा," असं भाऊजी म्हणाले मात्र, थोरल्यानं धड राहिलेल्या हातानं त्यांचे पुढचे दोन दात पाडले.

भाऊजींनी वकीलपत्र सोडलं. ऑफिस लांबच्या गल्लीत हलवलं, दारावर पाटीसुद्धा लावली नाही. कारण थोरल्याचा निरोप आला होता, "सापडू दे, उरलेलेही पाडतो."

थोरल्याला ते सापडेनात, पण कोर्टाच्या कॉम्प्युटरला बरोबर सापडत. त्या खटल्यात कुणी काही दाखल केलं की मोबाइलवर सूचना. टिंग! धाकट्याच्या डोक्याला अकरा टाके, सोबत रंगीत फोटो. टिंग! थोरल्याच्या बायकोनं जावेला तराजूच्या वजनानं हाणलं, सोबत फोटो. तेही नेमकं जेवताना.

"अहो, बंद करा ते!" ताई ओरडली. "त्या मेल्याचा फाटका कान बघितला आणि माझी भाजी करपली!"

कोर्टातल्या कारकूनबाई म्हणाल्या, "साहेब, सूचनांच्या यादीतून नाव काढायला वेगळा अर्ज लागतो."

भाऊजींनी दीड पानी अर्ज ठोकला. खाली सही, सहीखाली नवा पत्ता: तिसरा मजला, जिन्यावरून डावीकडे. अपुऱ्या पत्त्याचा कागद त्यांनी उभ्या जन्मात कोर्टात दिला नव्हता. अर्ज ऑनलाइन दाखल केला आणि टिंग! 'आपला अर्ज खटल्यातील सर्व पक्षकारांना पाठवण्यात आला आहे.'

भाऊजींनी ताईला फोन लावला. "अगं, मी पत्ता दिला!"

"कुणाला?"

"सगळ्यांना!"

वीस मिनिटांत थोरल्यानं लाथेनं दार उखडलं. भाऊजींची गचांडी धरून त्यांना कपाटावर आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बरगडी मोडल्याचा आवाज झाला. तेवढ्यात धाकटा सळई घेऊन आत घुसला. थोरला आज कुठं सापडेल, हे त्यालाही त्याच अर्जानं कळलं होतं. त्याचा पहिला वार थोरल्याच्या खांद्यात बसला, दुसरा चुकून भाऊजींच्या नडगीवर. मग कपाटच कोसळलं आणि तीस वर्षांच्या फायलींखाली तिघंही गाडले गेले. पोलिसांनी उपसून काढलं तेव्हा थोरल्याचे दात भाऊजींच्या कोटाच्या बाहीत रुतलेले होते.

इस्पितळात ताई चमच्यानं सूप भरवत होती. टिंग! 'अर्ज मंजूर. आपले नाव यादीतून कमी करण्यात आले आहे.' भाऊजी बोळकं पसरून हसले. लगेच दुसरी टिंग! नवा खटला. जखमी फिर्यादी: भाऊजी. सोबत रंगीत फोटो.

त्यांनी कारकूनबाईंना फोन केला. त्या हळहळल्या. "फिर्यादीचं नाव नाही हो काढता येत."

ताईचा चमचा मधेच थांबला. "पोलिसांना पत्ता कुठला दिलात?"

"घरचा," भाऊजी म्हणाले. "पिनकोडसकट."