तेविसाव्या कॉटेजची खिडकी

पर्यटन कचेरीत त्यांना सगळे वर्णनकाका म्हणत, आणि हे नाव कौतुकाचं आहे असा त्यांचा स्वतःचा समज होता. काम काय, तर डोंगरातल्या चाळीस कॉटेजांची माहितीपुस्तिका दरवर्षी नव्याने काढायची. नव्याने म्हणजे गेल्या वर्षीची समोर ठेवायची, मुखपृष्ठाचा रंग बदलायचा, साल बदलायचं आणि आतला मजकूर जसाच्या तसा छापखान्यात धाडायचा. सतरा वर्षं हा उद्योग केल्यावर कुणालाही आपण लेखक आहोत असं वाटू लागेल. वर्णनकाकांना ते तिसऱ्याच वर्षी वाटू लागलं होतं.

यातलं एकही कॉटेज त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मालकाकडून एक फोटो आणि अर्धं पान माहिती यायची. तेवढ्यावर काका दरी, धुकं, पाखरं असं सगळं टेबलाशी बसून उभं करत. टेबलासमोर सायकल स्टँडची पत्र्याची शेड होती. "डोंगरात जाऊन काय करायचंय?" ते म्हणत. "जे जाऊन येतात त्यांना दोन ओळी धड लिहिता येत नाहीत."

जाणाऱ्यांना तर ते कस्पटासमान लेखत. कुणी काउंटरवर येऊन "गरम पाणी येतं का हो?" असं विचारलं की पुस्तिका त्याच्यापुढे सरकवायची आणि चष्म्यावरून बघत म्हणायचं, "वाचता येतं ना?" सुट्टीवरून परतलेल्यांची तक्रारपत्रंही त्यांच्याच टेबलावर येत. पहिल्या दोन ओळींपुढे ती वाचण्याची त्यांना कधी गरज भासली नाही. उत्तर आधीच टाइप करून गठ्ठ्याने ठेवलेलं होतं: 'आपल्या मुक्कामाच्या काळात हवामान ढगाळ असल्याने अपेक्षित दृश्य दिसले नसावे.' एकाने पलंगाचा पाय मोडल्याची तक्रार केली होती. त्यालाही हेच उत्तर गेलं.

काकांची बायको इस्पितळात चादरींना इस्त्री करायची. एकतीस वर्षं, तळघरात. वरून ढिगाने चादरी यायच्या, घड्या होऊन वर जायच्या. तळघराला खिडकी नव्हती. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे खाली उतरणाऱ्या माणसाची छत्री ओली आहे का ते बघून कळायचं. नोकरी संपली त्या दिवशी ती घरी आली, डबा ओट्यावर ठेवला आणि हात न धुताच म्हणाली, "अहो, मला आठ दिवस कुठेतरी न्या. पलंगावर पडल्या पडल्या डोंगर दिसला पाहिजे. उठून, चपला घालून बघायला जायचं नाही. डोळे उघडले की समोर. बाकी मला काही नको."

एकतीस वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. वर्णनकाका एखादं राज्य बहाल करावं तसे हसले.

"खिडकी? अगं, खिडक्या लिहिण्यात माझी हयात गेली! शब्द देतो तुला."

रविवारी सकाळी पुस्तिका आणि लाल पेन्सिल घेऊन बेत आखायला बसले. बायको चहाचा कप घेऊन शेजारी बसली, आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक डोंगर कोसळू लागला. कारण कुठल्या शब्दाखाली काय पुरलंय, हे पुरणाऱ्याला ठाऊक होतं.

"हे घ्या ना. 'निवांत' लिहिलंय."

"निवांत म्हणजे रस्ता नाही. शेवटची चढण सामान डोक्यावर घेऊन."

"आणि हे? 'घरगुती आपुलकी'?"

"मालक खोलीत येऊन बसतो. उठत नाही."

"'निसर्गाच्या कुशीत'?"

"संडास बाहेर."

बायकोने कप खाली ठेवला. "मग लोकांना हे सांगत का नाही?"

"लोकांना काय कळतं!" काका म्हणाले आणि पुढच्या कॉटेजवर काट मारली.

दुपारपर्यंत एकोणचाळीसांवर काट बसली. उरलं तेविसावं. तिथे छापलं होतं: 'पलंगावर पडल्या पडल्या पूर्वेच्या खिडकीतून बर्फाचे शिखर दिसते.' काकांनी वाक्य मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण फार छान होतं. आणि त्यांची खात्री पटली. खोटं लिहिताना आपण नेहमी गोलमोल लिहितो, हे ते जाणून होते. पूर्व, पलंग, खिडकी, शिखर इतकं नेमकं आलंय म्हणजे मालकिणीनेच कळवलेलं असणार, एरवी आपल्याला कसं सुचेल?

सुचलं होतं. सतरा वर्षांपूर्वी छापखान्याचा माणूस दारात उभा होता, तेविसाव्या पानावर एक ओळ कमी पडत होती, मालकिणीने फक्त दाराचा फोटो पाठवला होता आणि काकांना भूक लागली होती. त्यांनी उभ्या उभ्या ते वाक्य लिहून दिलं आणि डबा उघडला. दुसऱ्या वर्षी ते वाक्य गेल्या वर्षीच्या पुस्तिकेतून आलं, तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या. सतरा वेळा छापून आलेलं वाक्य खोटं असू शकतं हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. लोकांना हसणारा हा गृहस्थ आपल्याच थापेला भुलला, आणि तेही काउंटरच्या रांगेत उभं न राहता.

"एकदा फोन करून विचारा ना," बायको म्हणाली. "खिडकी खरंच पूर्वेला आहे का, एवढंच."

काकांचा चेहरा आंबट झाला. "मी विचारू? पुस्तिका काढणारा मी! असले फोन कोण करतं ठाऊक आहे? ज्यांना वाचता येत नाही ते."

बायको कप घेऊन आत गेली.

पण तिने वाक्य मनावर घेतलं होतं. पुढचे पंधरा दिवस तिचीच तयारी चालली. बाजारातून तिने एक जाड उशी आणली, डोकं जरा वर राहावं म्हणून. घरच्या पलंगावर उताणी पडून ती उंचीचा अंदाज घ्यायची आणि विचारायची, "अहो, खिडकीची खालची चौकट केवढी वर असेल?"

"पलंगाच्या बरोबरीने," काका पेपरातून मान वर न करता सांगायचे.

"पडदा आहे का तिला?"

"आहे. पातळ."

तिने बजावलं, खिडकीकडची बाजू माझी. काकांनी मोठ्या मनाने होकार दिला. नसलेली बाजू द्यायला त्यांचं काय जात होतं!

ते पोहोचले तेव्हा दुपार होती. आभाळात औषधालाही ढग नव्हता. बायको बसमधून उशी छातीशी धरून उतरली आणि चढणभर तिने ती काकांना धरू दिली नाही. दगडी भिंतींचं बसकं घर होतं. मालकीण साठीच्या पुढची, हाताला पीठ लागलेलं. तिने दार उघडलं. आत पलंग होता, पलंगाशेजारी पूर्वेची भिंत होती, आणि त्या भिंतीत एक फळी होती, फळीवर बरण्या. वरपासून खालपर्यंत निखळ दगड.

बायको उशी घेऊन मधोमध उभी राहिली. तिने चारी भिंती पाहिल्या. पश्चिमेला वीतभर झरोका होता, त्यातून गोठ्याचं छप्पर दिसत होतं.

"खिडकी शोधताय ना?" मालकीण कंटाळलेल्या आवाजात म्हणाली. "सगळेच शोधतात."

"पूर्वी असेल," काका घाईने म्हणाले. "नंतर बुजवली असणार."

मालकिणीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधलं. हिवाळ्यात वारा त्याच बाजूने येतो. तिकडे खिडकी ठेवायला ते काय खुळे होते? कचेरीला मी तीनदा पत्र टाकलं, बाबांनो, खिडकी नाही, ते वाक्य काढा. तिन्ही वेळा उत्तर काय, तर हवामान ढगाळ होतं."

छापखान्याचा माणूस, कमी पडलेली ओळ, उघडा डबा, काकांना सगळं आठवलं. डब्यात काय होतं तेसुद्धा.

मालकिणीने फळीवरून एक वही काढून बायकोच्या हातात दिली. "पाहुणे चिडले की मी ही देते. यात लिहून मोकळे होतात, मला बोलत नाहीत."

बायको पलंगाच्या कडेला टेकली आणि मोठ्याने वाचू लागली. इस्पितळात चादरी मोजायची, तोच आवाज.

"'आम्ही बरण्या काढून पाहिलं. मागे भिंतच आहे.' 'आईला दाखवायचं होतं. तिला उचलून अंगणात नेली.' 'हे ज्याने लिहिलं त्याला एकदा इथे आणून निजवा.'"

"लोकांना काय..." काकांनी सुरुवात केली आणि दाराकडे पाहिलं. मालकीण पीठ मळायला निघून गेली होती. खोलीत दोघंच. आता तरी खरं बोलावं, चूक झाली म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं असतं तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती. त्यांच्या मनात आलं ते इतकंच, की लिहिणारा आपण आहोत हे मालकिणीला कळता कामा नये.

"हळू बोल," ते कुजबुजले. "आणि आपण कचेरीतले आहोत हे सांगू नकोस."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर त्यांना परवडलं असतं. काउंटरवरच्या माणसाकडे ते स्वतः चष्म्यावरून बघत, तशी ती बघत होती.

"पेन द्या," ती म्हणाली.

खिशातलं पेन त्यांनी मुकाट्याने दिलं. तिने वहीत सावकाश दोन ओळी लिहिल्या, वही उघडीच पलंगावर ठेवली, उशी उचलली आणि अंगणात गेली. लाकडांच्या ढिगाला उशी टेकवून तिने पाठ लावली. समोर शिखर होतं, ते ती बघत बसली. काकांना तिने हाक मारली नाही.

काकांनी वही ओढली. मालकीण यायच्या आत पान फाडावं असा त्यांचा विचार होता. पण दारात पावलं वाजली आणि वाचण्यापुरताच वेळ मिळाला. लिहिलं होतं:

'खिडकी माझ्या नवऱ्याने कचेरीत बसून बसवली. आज हवामान स्वच्छ आहे.'