खणातले सहा शिक्के

नागोयातल्या आमच्या नळांच्या कंपनीत कुवाबारासाहेबांच्या हाताखाली सहा माणसं. माझं टेबल त्यांच्या शेजारी. साथीत सगळे घरी गेले तेव्हा त्या सहाही जणांनी आपापल्या नावाचे शिक्के साहेबांच्या खणात ठेवले. काम घरून होतं, कागदावर शिक्का काही घरून उमटत नाही. तेव्हापासून पाच वर्षं हा माणूस रोज येऊन सहा जणांचे शिक्के मारत होता. हाताखालच्याचा शिक्का साहेबाच्या शिक्क्याकडे जरा कललेला हवा, वाकून नमस्कार केल्यासारखा, ही आमच्याकडची रीत. म्हणजे साहेब दिवसभर स्वतःलाच नमस्कार घालत बसायचे. मी चिडवायचे, "आज किती जण वाकले?" ते म्हणायचे, "सहाही. एकानेही चहा मागितला नाही."

मार्चात वरून हुकूम आला. एक एप्रिलपासून ऑफिसात हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. साहेबांनी एकेकाला फोन लावला. एक म्हणाला, "तिथे येऊनही स्क्रीनकडेच बघत बसायचं ना, साहेब?" दुसरीने कुत्र्याचं कारण पुढे केलं. साहेब आपले प्रत्येकाला "बरोबर आहे तुमचं" म्हणत राहिले. मला त्यांचा भारी राग यायचा. अशाने कोण परत येणार? तरी हो-ना करता करता पाच जण तयार झाले.

राहिल्या मिनेगिशीबाई. सगळ्यांत हुशार, साहेबांनीच शिकवून तयार केलेल्या. आई अंथरुणाला खिळली म्हणून त्या दूर तोत्तोरीला तिच्याजवळ जाऊन राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी साहेब तीनदा वरच्या मजल्यावर जाऊन आले. "एकीला सूट दिली की सगळे मागतील," तिन्ही वेळा हेच ऐकून परतले.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी बाईंना फोन केला. माझ्यासमोरच, स्पीकरवर.

"आठवड्यातून दोन दिवस तरी जमेल का हो?"

"आईला कुशीवर कोण वळवणार, साहेब?"

मग बाईच पुढे म्हणाल्या,

"राजीनामा पाठवलाय. तेवढा छापून घ्या. शिक्का तुमच्याकडेच आहे."

"तो मी मारायचा?"

"पाच वर्षं तुम्हीच मारताय की."

कागद छापून आला. साहेबांनी खणातून बाईंचा शिक्का काढला. "हा सरळ मारतो," मला म्हणाले. "जाताना तरी तिला वाकायला नको."

त्यांनी शिक्का दाबला आणि उचलला. कललेलाच उमटला होता, साहेबांच्या शिक्क्याच्या चौकटीकडे. हाताची सवय, दुसरं काय.

"दुसरा कागद छापू का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "माझ्याच्याने पुन्हा नाही मारवणार."