खिंडीतले पात्रांव

पात्रांवांनी अडीच पटीची दुर्बीण मागवायला सांगितली होती. मी आठ पटीची मागवली. यात गैरसमज वगैरे काही नव्हता. त्यांनी दोनदा बजावलं होतं आणि दोन्ही वेळा मी शहाण्यासारखी मान डोलावली होती. पण मनात म्हटलं, अडीच म्हणजे फारच कंजूषपणा झाला. परदेशातून वस्तू येतेच आहे तर घसघशीत येऊ दे. दुर्बीण आणि साखर यांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता.

पात्रांव आमचे शेजारी. आमच्याकडे ख्रिस्ती वडीलधाऱ्याला मानाने पात्रांव म्हणतात, आणि त्यांना तर सगळा गावच म्हणायचा. धामापूरच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत आमचं गाव. त्यांच्या आमच्या घरामध्ये एक कुंपण होतं, पण ते कोंबड्याही जुमानत नसत.

काही बघायचं झालं की पात्रांव उजव्या हाताची मूठ सैल वळत, तिची नळी करून डोळ्याला लावत, दुसरा डोळा मिटत आणि म्हणत, "सबंध दिसूक व्हया." मासळीच्या पाटीतली इसवण असो, विकायला आणलेला पाडा असो की भाचीला सांगून आलेला नवरामुलगा असो, सगळ्यांना त्या मुठीतून जावं लागे. मासे घेऊन येणारी गाबतीण वैतागायची.

"पात्रांव, मासो इकत घेतास काय तेच्याशी लगीन लावतास?"

"लग्नाच्या येळाक इतक्या बघूक नाय, म्हणान तर फसलंय गो!"

यावर आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. तो त्यांच्या बायकोचा अभिप्राय.

उमेदीची वर्षं त्यांनी आफ्रिकेत काढली होती. परत आले ते एक शिवणयंत्र आणि एक रायफल घेऊन. गावाने रायफल तेवढी पाहिली आणि पात्रांव सिंह मारून आले असं ठरवून टाकलं. प्रत्यक्षात ते तिथे शिंपी होते. शिकारी साहेबांचे खाकी कोट शिवत. त्यांनी जवळून पाहिलेला एकुलता एक सिंह पेंढा भरलेला होता; पोटाची शिवण उसवली म्हणून दुरुस्तीला आला होता. हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं, आणि मी ते दोन दिवसांत गावभर केलं. त्यांनी राग धरला नाही. "टाको बरो घातलंय मी," एवढंच म्हणाले.

पण गंमत अशी की या शिंप्याचा नेम खरोखर चांगला होता. आणि आमच्या गावात नेमाला मोल होतं. भात पोटरीला आलं की रानडुकरं रात्रीतून वाफेच्या वाफे लोळवून टाकत, कंदांसाठी कणग्यांचे वेल उकरून ठेवत. म्हणून भातं झोडून झाली की गावची पारध निघे. आधी देवळासमोर गावकर गाऱ्हाणं घाली. गावकर म्हणजे देवाच्या मानपानाचा पिढीजात मालक, आणि पारधीतही शब्द त्याचाच. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां रानात जातत, तेंका यश दी, कोणाक काटो मोडू देव नको..." आणि सगळे एका आवाजात, "होय म्हाराजा!" त्यात पात्रांव मोठ्याने असत. ते झालं की हळूच क्रूस करीत. गावकर म्हणे, "करू दी, दोघांनी मिळान बघल्यानी तर डुकर खंय जातलो?"

मग हाकारे डबे वाजवत रान काढीत आणि जनावर डोंगराच्या खिंडीकडे निघे. खिंडीत उभं राहायचं ते गावातल्या सगळ्यात खात्रीच्या बंदुकीने. तो मान आणि ती जबाबदारीही. खिंडीतला माणूस दोन पारधी चुकला की तिसऱ्या पारधीला त्याने बंदूक घरी ठेवून हाकाऱ्यांबरोबर डबा वाजवायचा, असा रिवाज होता. पात्रांव आले तेव्हापासून खिंड त्यांची होती.

मग एका वर्षी ते चुकले. डुक्कर समोरून निवांत गेला आणि गोळी काजूच्या झाडात बसली. "वारो होतो," ते म्हणाले. पान हलत नव्हतं. पण गाव भिडस्त; सगळ्यांनी वाऱ्यालाच दोष दिला.

चार दिवसांनी कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "तुझो मावसभाव बोटीर आसा मां? माका बंदुकेची दुर्बीण व्हयी."

"कित्याक? तुमचो नेम काय वायट आसा?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "नळयेच्या टोकार नेमाची माशी आसता ती दिसणा नाय रे. माशीर नजर ठेवलंय तर डुकर जाता, डुकरार ठेवलंय तर माशी जाता. दोगां एकदम गावनत नाय." मग थोडं थांबून, "आणि माका डबो वाजवूचो नाय."

तेव्हा मला त्या मुठीचा अर्थ लागला. लहान भोकातून अंधुक नजरेलाही जरा स्पष्ट दिसतं. आम्ही जिला त्यांची लकब म्हणून हसत होतो, ती बिचाऱ्यांची सोय होती.

अडीच पटच का, तेही त्यांनी समजावलं होतं. उघड्या माळावर लांबचं हरीण टिपायचं तर मोठी पट ठीक. आपलं रान दाट, जनावर येतं ते अंगावर. तिथे थोडं मोठं आणि पुष्कळसं दिसायला हवं. "कोट मोठो घातलो म्हणान माणूस मोठो होता काय रे?" असं त्यांनी विचारलं, आणि मी नाही म्हणालो. आणि मग भावाला आठ लिहिलं.

दुर्बीण आली. पात्रांवांनी तिच्यावरचा आकडा मुठीतून वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता सगळीकडे आठच घेतात," मी ठोकून दिलं. "अडीचची बनवणंच बंद झालंय."

अडचणीत आलो की मी कचेरीतल्या शुद्ध भाषेत बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते काही बोलण्याआधीच त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली होती, आणि लावली ती काढीचनात. परसातल्या आंब्याकडे बघत राहिले.

"मोहर इलो रे," म्हणाले. "एकेक तुरो दिसता. माका वाटलेला, औंदा आंबो मोहरलोच नाय."

झालं. दुर्बिणीची पट त्यांनी त्या आंब्याखातर माफ केली. पुढचे काही दिवस दुर्बीण गावची झाली. डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर नेऊन लोकांनी मालवणच्या बंदरातली गलबतं पाहिली, शिडांची ठिगळं पाहिली. गावकराच्या म्हातारीने समोरच्या वाडीतल्या सुनेने उन्हात वाळत घातलेल्या वालीच्या शेंगांचा हिशेब लावला. माझी छाती फुगली. अडीच पटीत वाली दिसल्या असत्या का, मी सगळ्यांना विचारत सुटलो.

मालवणातल्या एका मिस्त्रीने ती रायफलीवर बसवून दिली. नेम जुळवायला आम्ही चिऱ्याच्या खाणीत गेलो. भिंतीवर चुन्याचा गोल काढला. पात्रांवांचे बार गोलात पडले. मलाही हुक्की आली.

"डोळो चार बोटां लांब ठेव," ते म्हणाले.

जवळून अधिक स्पष्ट दिसेल असा माझा विचार. मी डोळा काचेला टेकवला आणि चाप ओढला. रायफल मागे आली, दुर्बीणही तिच्याबरोबर आली, आणि माझ्या भुवईवर अर्धा चंद्र उमटला. रक्त पुसताना पात्रांव गंभीरपणे म्हणाले, "गोल बघ, गोल. लागला तुका, तेका नाय." खरंच गोळी गोलात नव्हती. भिंतीवरही नव्हती.

मग पुढची पारध आली. मी कपाळाला पट्टी बांधून त्यांच्या शेजारी खिंडीत उभा. खालून डबे वाजू लागले. करवंदीची जाळी हलली आणि तिच्यातून, हातभर म्हणावं इतक्या जवळ, डुक्कर निघाला. चांगला सुळेवाला, मानेवरचे केस उभे. मला तो उघड्या डोळ्यांनी स्वच्छ दिसत होता. पात्रांवांनी रायफल खांद्याला लावली. आता बार होतो, मग होतो. बार होईना. दुर्बीण थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे. डुक्कर आमच्यासमोरून, सोयऱ्याच्या मांडवात शिरावं तसा, खिंड ओलांडून गेला.

"का नाही मारलात?" मी ओरडलो.

रायफल खाली करून ते म्हणाले, "केस दिसले. नुसते काळे केस. डुकराचे काय माणसाच्या डोक्याचे, काय समाजलाच नाय. सबंध दिसल्याशिवाय चाप कसो ओढू?"

माझ्या आठ पटीत डुक्कर मावलाच नव्हता. त्याचा एक अंधुक तुकडा तेवढा मावला होता.

हाकारे धापा टाकत वर आले. गावकराचा पुतण्या सर्वांत पुढे. त्याचा खिंडीवर केव्हाचा डोळा. "काय पात्रांव, आज पण वारो होतो?" हशा झाला. पात्रांवांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी सारखी करू लागलो. "वारो नाय," ते म्हणाले, "म्हातारपण." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, इतकं ते न घेतल्याने टोचलं.

पुढच्या हंगामात पात्रांव रिवाजाप्रमाणे डबा घेऊन निघाले. रॉकेलचा रिकामा डबा गळ्यात आणि अंगावर आफ्रिकेतला खाकी कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वाजवतही असे होते की बँडवाल्याने शिकून घ्यावं. बायका हसल्या, पोरं मागे धावली, आणि तेही हसत होते. पण दुपारी त्यांच्या घराची खिडकी बंद होती. त्यांच्या बायकोने कुंपणाशी येऊन मला सांगितलं, "जेवक नाय तो."

मी त्याच दिवशी भावाला लिहिलं, या वेळी अडीच, आणि अक्षरांत. दुर्बीण आली ती पात्रांवांनी मुकाट घेतली. बनवणं बंद झालेली वस्तू कुठून आली, हे विचारण्याइतका तो माणूस वाईट नव्हता. संध्याकाळी त्यांनी काजूखाली गावकराची काळी म्हैस बांधली आणि दोन्ही दुर्बिणींतून आळीपाळीने बघत बसले. ऊन उतरत गेलं तशी आठ पटीतली म्हैस आधी काळवंडली, मग नाहीशी झाली. अडीच पटीत ती कितीतरी वेळ रवंथ करताना दिसत होती, शेपटीसकट, शेजारच्या बगळ्यासकट. मलाही दाखवलं. चार बोटं अंतर मी न सांगता ठेवलं.

पण खिंड गेलेली. ती मागून मिळत नाही. ती मिळवून दिली गावकराच्या पुतण्याने. पठ्ठ्या खिंडीत उभा राहून लागोपाठ दोन पारधी चुकला आणि त्याच्या गळ्यात डबा आला. देवळासमोर प्रश्न पडला, आता खिंडीत कोण? गावकराने कोणाला विचारलं नाही. नुसती हनुवटी पात्रांवांकडे वळवली.

त्या दिवशी जाळीतून डुक्कर निघाला आणि बार झाला, यात सांगण्यासारखं काही नाही. सगळं फार पटकन झालं. डुक्कर बसला तसा उठलाच नाही. पात्रांव तिथेच खडकावर टेकले. मग मला म्हणाले, "शेपटेपर्यंत दिसलो रे." मटणाचे वाटे पडले तेव्हा मारणाऱ्याच्या मानाची मुंडी त्यांनी स्वतः खांद्यावरून घरी नेली, कोट खराब झाला तरी.

त्यानंतर ती खिंड त्यांनी सोडली नाही. अनेक हंगाम ते उभे राहिले, सगळ्यांत म्हातारे आणि सगळ्यांत खात्रीचे. एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेले. चर्चमध्ये आणि दफनभूमीत मिळून अख्खी पारध हजर होती. गावकर पाद्रीबाबांच्या प्रत्येक प्रार्थनेनंतर खालच्या आवाजात "होय म्हाराजा" म्हणत होता. कोणी त्याला अडवलं नाही.

भातं झोडून झाली आणि देवळासमोर पुन्हा माणसं जमली. गाऱ्हाणं झालं. मग गावकराने विचारलं, "खिंडीत कोण?" कोणी पुढे येईना. सगळे पायांकडे बघत होते. मला भरून आलं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी मी उभा राहिलो, त्यांची नजर, त्यांची शिस्त जवळून पाहिली. आता हे ओझं आपणच उचललं पाहिजे, असं वाटलं. आमच्या काकांची जुनी बंदूक खांद्याला अडकवून मी दोन पावलं पुढे झालो.

गावकराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू नको रे बाबा," तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा खिंड रिकामी बरी."