वडील असताना काढलेली मिशी

बाप जिवंत आहे तोवर मिशीला वस्तरा लागत नाही, हे आमच्यात कोणाला शिकवावं लागत नाही. कल्याणच्या बाजारात बिनमिशीचा तरुण दिसला की लोक आवाज उतरवून विचारत, "कधी गेले?"

मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. आई लहानपणीच गेलेली. वडील नाशिकला यात्रेला गेले होते आणि तिकडे पटकीची साथ होती. आमच्या आळीतला एक यात्रेकरू परत आला तो ओटीवर उभ्यानेच सांगून गेला, "धर्मशाळेत तुमच्या वडिलांचं आटोपलं. लोकांनी तिथेच अग्नी दिला."

बायको म्हणाली, "एकदा जाऊन बघून तरी यावं." नाशिक आगगाडीने काही विलायत नव्हे. पण मी रजा मिळत नाही म्हणालो. रजा मी मागितलीच नव्हती. नोकरीला लागल्यावरही मी बापाच्या हातचा मार खाल्ला होता. खरं सांगतो, रडता रडता मला मोकळं वाटत होतं.

दहाव्याला खाडीवर बसलो. डोकं करून झाल्यावर न्हावी ओठाशी थांबला. "बातमी पक्की हाय ना, रावसाहेब?"

"तुला काय करायचंय? चालव हात."

त्यानंतर पंधरवड्याने वडील स्टेशनावरून पायी घरी आले. गेला होता तो कल्याणचाच दुसरा कोणी म्हातारा. हे तापाने पडून होते, अंगात नुसती हाडं उरली होती. अंगणात उभं राहून त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं.

"आणि तू बघायलासुद्धा आला नाहीस."

मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. "मिशी येऊ दे, मग बोलू. तोवर माझ्यासमोर येऊ नकोस."

मी दोन्ही वेळा ओठाला खोबरेल चोळायचो. कचेरीतले सोबती फिदीफिदी हसत, "बाप परत आणलास, आता मिशी कधी आणतोस?" त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटे. घरी वडील सुनेच्या हातचं जेवत आणि मी दाराआड त्यांचा खोकला ऐकत उभा राहायचो. एकदा धीर करून पाण्याचा तांब्या घेऊन आत गेलो. त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

"अजून नाही."

महिन्याभरात ताप उलटला. शेवटच्या दिवशीही त्यांनी मला हाक मारली नाही. मी आपणहून आत गेलो, तेव्हा ते गेलेले होते.

दहाव्याला खाडीवर तोच न्हावी होता. डोकं केलं, मग माझ्या ओठावरून ओलं बोट फिरवलं. जेमतेम धरलेली मिशी हाताला लागत होती. मी तोंड वर करून वाट पाहिली. या वेळी त्याने काही विचारलं नाही.