रव्याचे लाडू आणि ओला कुत्रा

मला कुत्रा नको होता. हे मी घरात स्वच्छ सांगितलं होतं, एकदा नव्हे, सलग दोन वर्षं. पण मुलगी एकुलती एक, इथेच, इंग्लंडमध्ये जन्मलेली, आणि तिचा बाप तिच्या शब्दाबाहेर नाही. तिच्या अकराव्या वाढदिवसाला तपकिरी कुरळ्या केसांचं एक पिल्लू घरात आलं आणि पहिल्याच तासात त्याने देव्हाऱ्यासमोरच्या रगवर घाण केली. मी रग बाहेर काढून टाकून दिला. नवरा म्हणाला, "अगं, धुऊन निघेल." मी म्हटलं, "मग त्यावर तू जेवायला बस."

त्या उन्हाळ्यात खरं तर पुण्याला जायचं ठरलं होतं. कुत्र्याला केनेलमध्ये ठेवू म्हटल्यावर मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी नवऱ्याने तोडगा काढला. पुणे डिसेंबरात, आणि ऑगस्टमध्ये नऊ दिवस रोड ट्रिप. पीक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स, लेक डिस्ट्रिक्ट. "तीन नॅशनल पार्क! फ्रेश एअर!" असं तो मला ऐकवत होता. आईला फोन करून कुत्र्यामुळे येत नाही हे सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आई एवढंच म्हणाली, "बरं."

आमचं बेसिंगस्टोक सोडल्यापासून गाडीत जो वास सुरू झाला तो नवव्या दिवसापर्यंत टिकला. ओलं गोणपाट, शिळं दूध आणि कुणाचे तरी न धुतलेले मोजे एकत्र केले तर जे होईल ते. पीक डिस्ट्रिक्टमध्ये रोज पाऊस होता. कुत्रा रोज एखाद्या ओढ्यात उतरायचा, मग चिखलात लोळायचा आणि गाडीत चढल्यावर अंग झटकायचा. माझ्या थर्मासच्या झाकणावर, चष्म्यावर, ओठांवर त्याचं पाणी उडायचं. मी खिडकी उघडली की नवऱ्याला थंडी वाजायची.

"त्याचा वास येतो," मी म्हणायचे.

"तो स्मेल नाही करत आई," मुलगी मागून म्हणायची. "तू इमॅजिन करते."

तिसऱ्या दिवशी तो एका मेलेल्या मेंढीवर लोळला. हे मी इमॅजिन केलं नाही. पाठ, मान, कानांमागचे केस, सगळं त्या सडक्या चरबीने माखलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान की जणू अभ्यंगस्नान झालं. नवऱ्याने त्याला कॉटेजच्या बाथटबमध्ये शॅम्पू लावून धुतलं. त्याच टबमध्ये उभं राहून मी दुसऱ्या दिवशी अंघोळ करावी अशी त्याची अपेक्षा होती. मी बादली मागवली. कॉटेजवाल्या बाईंनी भांडी धुण्याचा प्लास्टिकचा टब आणून दिला. मी तीन दिवस त्यातलं पाणी मगाने अंगावर घेऊन अंघोळ केली, कुत्र्याच्या टबाशेजारी.

आणि ते लोक. या देशात मी सोळा वर्षं राहते, पण कुत्र्याच्या बाबतीत यांचं मला अजून कळलेलं नाही. पबमध्ये म्हातारा मालक कुत्र्याला हातावर बिस्कीट चाटायला देतो, तोच हात ॲप्रनला पुसतो आणि माझ्या चिप्सची प्लेट उचलतो. डोंगरावर भेटणाऱ्या बायका आमच्याशी हॅलोसुद्धा म्हणत नाहीत, पण खाली वाकून कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावतात. काही जण कुत्र्याची शी नीट काळ्या पिशवीत भरतात, गाठ मारतात आणि ती पिशवी झाडाच्या फांदीला टांगून निघून जातात. एवढा सुंदर डोंगर, खाली हिरवीगार दरी, आणि बोरीच्या झाडाला बोरं लागावीत तशा पिशव्या लटकलेल्या. आमच्या पिशव्या नवरा प्रामाणिकपणे सोबत आणायचा. गाडीत माझ्या दारापाशी, पायाजवळ, त्या गरम असायच्या.

मी ट्रिपसाठी खाणं घरून करून घेतलं होतं. पबमध्ये चिप्स सोडल्या तर मला खाता येईल असं काही नसतं. थालीपिठं, दाण्याची चटणी आणि डबाभर रव्याचे लाडू. माझे लाडू नवऱ्याला आवडतात कारण मी बेदाण्यांत हात आखडता घेत नाही. तुपात टम्म फुगवलेले बेदाणे, प्रत्येक लाडवात तीन-चार तरी. एकंदर ट्रिपमध्ये तो डबा हीच एक माझी स्वच्छ जागा होती. त्याला मी कुणाला हात लावू देत नव्हते, आणि रोज एकदा तरी मुलीला बजावत होते, "आपलं खाणं कुत्र्याला द्यायचं नाही. सवय लागते."

सहाव्या दिवशी आम्ही डेल्समध्ये होतो. मुलीला आणि नवऱ्याला धबधबा बघायला वर चढायचं होतं. कुत्र्याच्या पंजात काहीतरी रुतलं होतं, तो लंगडत होता, म्हणून तो माझ्याबरोबर खाली थांबला. मी नको नको म्हणत होते तरी त्याचा पट्टा माझ्या हातात देऊन दोघं गेले. पार्किंगशेजारी लाकडी बाक होतं. मी पट्टा बाकाच्या पायाला बांधला, हात जेलने पुसले आणि डबा उघडला. पावणेएक झाला होता. मला चांगलीच भूक लागली होती.

मी लाडू तोंडाशी नेला तशी कुत्र्याने मान वर केली.

तो भुंकला असता तर बरं होतं. तो नुसता बघत होता. लाडू वर गेला की त्याचे डोळे वर, खाली आला की खाली. तोंडातून लाळेची तार सुटून माझ्या बुटावर उतरत होती. मी पाठ फिरवली. तो बाकाला वळसा घालून पुन्हा समोर आला.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी तोंडाकडे बघत असेल तर त्याच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय घास गिळायचा नाही. नाहीतर दृष्ट लागते, अन्न अंगी लागत नाही, पोटात दुखतं. लहानपणी आई मला दारात उभं राहून काही खाऊ द्यायची नाही ती यासाठीच. मी एरवी असलं काही मानत नाही. पण ती लाळ, ते डोळे, तो वास, आणि माझ्या हातातला माझा लाडू. मला तो गिळेना. मी मनातल्या मनात म्हटलं, घे बाबा, गिळ आणि तोंड फिरव. लाडू त्याच्यासमोर टाकला.

त्याने तो चावलासुद्धा नाही. गिळला आणि पुन्हा बघू लागला. मी दुसरा टाकला. मग तिसरा, जरा लांब, म्हणजे तो निदान तिकडे जाईल. चौथा टाकल्यावर तो एकदाचा आडवा झाला आणि मी माझा लाडू खाल्ला.

दोघं सव्वाला परत आले. आम्ही थालीपिठं खाल्ली, नवऱ्याने पंजातला काटा काढला आणि पावणेदोनला निघालो. पंधरा मिनिटांत मुलीने मागून डबा उघडला.

"आई! लाडू एवढेच? सकाळी तर फुल होता."

"मी खाल्ले," मी म्हटलं.

"फाइव्ह?"

"भूक लागली होती."

नवरा हसायला लागला. "आम्हाला डोंगरावर पाठवलं आणि इकडे हिने डबा साफ केला." मीही हसले. सहा दिवस ज्या गोष्टीवरून मी सगळ्यांना बोलत होते तीच मी केली, हे सांगायची मला लाज वाटली. एवढंच कारण. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी बाहेर बघू लागले.

मग मुलगी म्हणाली, "पण बरं झालं तू त्याला नाही दिला. रेझिन्स डॉग्जना पॉयझनस असतात. किडनी फेल होते. मी फ्रिजवर लिस्ट लावली आहे ना."

ती लिस्ट कुठे आहे ते मला माहीत होतं, वाचली मात्र कधीच नव्हती. तिच्यावर मी दूधवाल्याच्या ऑर्डरचा कागद चिकटवला होता.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. पुण्यात रस्त्यावरची कुत्री काय वाट्टेल ते खातात, त्यांना काही होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. इंग्रजांचं सगळंच अति असतं, असंही सांगितलं. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, पुढे ट्रॅक्टर. मागे कुत्रा मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता आणि ती त्याच्या कानामागे खाजवत गुणगुणत होती. मी आरशात बघत होते, त्याचं पोट वरखाली होतंय की नाही ते. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मला कुत्र्याची किळस आली नाही. माझीच आली, आणि तरी तोंड उघडेना.

ट्रॅक्टर वळला, रस्ता मोकळा झाला आणि नवऱ्याने वेग घेतला तेव्हा मी म्हटलं, "गाडी थांबव. लाडू मी त्याला दिले. चार."

नवऱ्याने जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. मुलीने फोन काढला, सिग्नल येईपर्यंत खिडकीबाहेर धरून ठेवला आणि रडत रडत व्हेट शोधला. मागच्या गावात होता, अर्ध्या तासावर. आम्ही मागे वळलो.

व्हेट तरुण बाई होती. तिने विचारलं, काय खाल्लं? मी लाडू म्हणजे काय ते सांगितलं. त्यात बेदाणे किती? बारा ते सोळा. तिने इंजेक्शन दिलं, आणि पाच मिनिटांत कुत्रा ट्रेमध्ये ओकू लागला. एकदा, दोनदा, पाच वेळा. ते कण्हणं ऐकवत नव्हतं. तिने ट्रे माझ्यासमोर धरला आणि विचारलं, हे सगळं बाहेर आलंय असं तुम्हाला वाटतं का? रवा, खोबरं, फेस, यातलं काय काय आहे ते तिला कळत नव्हतं. कळणार होतं ते फक्त मला.

मी हातमोजे घातले आणि त्या कोमट लगद्यात बोटं घातली. माझं तूप, माझी वेलची, आणि त्यावर त्याच्या पोटातली आंबट वाफ. मी बेदाणे एकेक करून वेगळे काढत राहिले. तेरा सापडले. आणखी एक-दोन आत असतील, नसतील. व्हेट म्हणाली, किती बेदाण्यांनी काय होईल ते कुत्र्यागणिक वेगळं असतं, सांगता येत नाही. रात्रभर सलाईनवर ठेवू, रक्त तपासू.

मग तिने फॉर्म समोर घेतला आणि विचारलं, खाल्लं कधी?

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती.

"पावणेएक," मी म्हटलं.

व्हेटने घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं. दोन तास होऊन गेले होते. आणलंत ते बरं केलंत, ती म्हणाली, पण कळल्या कळल्या निघाला असतात तर जास्त बरं झालं असतं. तिने ते सहज म्हटलं होतं, रोज सगळ्यांना म्हणत असेल तसं.

"आई," मुलगी म्हणाली, "मी कारमध्ये सांगितलं, रेझिन्सचं. तेव्हा तुला माहीत होतं."

मी "हो" म्हटलं.

ती टेबलाच्या पलीकडे गेली, बापाच्या बाजूला.

कुत्रा वाचला. तिसऱ्या दिवशीच्या तपासणीत किडन्या ठीक निघाल्या. लेक डिस्ट्रिक्ट आम्ही गाडीच्या काचेतून बघितलं आणि घरी आलो. तो अजूनही ओला असला की घाण वास मारतो, आणि मी जेवायला बसले की माझ्याच समोर येऊन बसतो, कारण त्याच्या लेखी मी लाडू देणारी बाई आहे.

मी घरून काम करते, दिवसभर तो आणि मी दोघंच असतो. पूर्वी मुलगी शाळेतून आली की आधी मला विचारायची, आज त्याने काय खाल्लं? आता ती थांबते. साडेसहाला नवरा आला की बूट काढायच्या आत त्याला विचारते, "बाबा, आज त्याने काय खाल्लं?"

बाबा दिवसभर ऑफिसात असतो, हे तिला माहीत आहे.