केर, केरे आणि कस

लोक बंगलोरला बागा बघायला जातात, येताना रेशमी साड्या आणतात. मी पहिल्यांदा गेलो तो दोन गोणपाटं, रबरी हातमोजे आणि स्प्रिंगचा वजनकाटा घेऊन. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय पर्यावरणशास्त्र. डिसेंबरात सगळ्या वर्गाने आपापलं प्रकल्पाचं काम उरकलं, तेव्हा मी कावीळ होऊन अंथरुणात पडलो होतो. सरांनी निरोप धाडला, "फेब्रुवारीअखेर अहवाल आला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही." म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात.

"आत्याकडे जा, हवापालट होईल आणि कामही होईल," आई म्हणाली आणि बंगलोरला पत्र टाकलं. उत्तर आत्याच्या यजमानांचं आलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर तिकडे गेलं ते तिकडचंच झालं. घरात मराठी टिकवली, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता येत नाही. पत्रात होतं, "जरूर ये. आमच्या घरामागंच केरे आहे, भलं मोठं. पाहिजे तेवढा अभ्यास कर."

अण्णा लिहिताना अक्षरांवर मात्रा सढळ हाताने देत. मी ते 'केर' असं वाचलं आणि हरखलो. घरामागे कचऱ्याचा डोंगर, आणखी काय हवं? फॉर्मवर विषय लिहिला : 'शहरी घरांतील घनकचरा'. सही करताना सर म्हणाले, "आता विषय बदलायचा नाही हं."

कोल्हापूरहून रात्रीची बस धरली. तुम्ही जाणार असाल तर पुढच्या अर्ध्यात जागा बघा, मागे बसलात तर हुबळीपर्यंत हाडं मोजता येतात. सकाळी मॅजेस्टिकच्या स्टँडवर उतरलो तर गारवा असा की स्वेटर चढवावा लागला. स्टँडसमोर उभ्याने इडली-वडा खाल्ला. कावीळ होऊन गेल्यावर दोन महिन्यांनी तोंडाला चव आली. रिक्षावाल्याने गोणपाटांकडे पाहून भाडं थोडं वाढवलं, मीही घासाघीस केली नाही. अण्णांचं घर इंदिरानगरच्या पलीकडे होतं. आजच्यासारखी काचेची दुकानं तिकडे तेव्हा नव्हती, बंगले होते आणि झाडं होती.

चहा झाल्यावर अण्णा मोठ्या तोऱ्यात मला परसदारी घेऊन गेले. "बघ. आमचं केरे."

समोर तळं होतं. पाण्यावर ऊन, काठाला बगळे, पलीकडे धोब्यांचे दगड.

"अण्णा, केर कुठाय?"

"हे काय रे समोर. दिसत नाही?"

मी मटकन पायरीवर बसलो. सगळं सांगितलं. आत्या दारात उभी राहून पदरात हसत होती, तिला माहेरचा केर आठवला असणार. अण्णा मात्र हसले नाहीत. "केरे म्हणजे तळं की. आमच्या पणजोबांपासून हाच शब्द. मराठीच आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुला पाहिजे ते काय, झाडून टाकतात ते? त्याला आम्ही कस म्हणतो."

मराठीत कस म्हणजे सोन्याचा, माणसाचा, अंगच्या गुणाचा. त्या दिवशी तो माझाच लागणार होता. रडकुंडीला आलो होतो, खोटं कशाला सांगू.

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. शिंपीकाम करणारा माणूस, गल्लीतल्या प्रत्येक घराचं माप त्यांच्या वहीत. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ते माझ्याबरोबर दारोदार निघाले. दहा घरं ठरवली. पहिल्याच दारात एका अक्कांनी विचारलं, "नम्म कस याके बेकु?" आमचा कचरा कशाला हवाय? अण्णांनी मी परीक्षेला बसतोय असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एकदम माया आली.

ती माया नडली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी दिलेला कचरा असा की देवासमोर ठेवावा. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या, नारळाच्या करवंट्या एकात एक. परीक्षेचा मामला, मुलाला घाण कशी द्यायची? मी कपाळाला हात लावला. अण्णांनी पुन्हा दारोदार जाऊन समजावलं, की पोराला खरा कस पाहिजे, नटवलेला नको. तिसऱ्या दिवसापासून खरा आला, वासासकट.

मग पाच दिवस एकच क्रम. सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात बाय-टू कॉफी, म्हणजे एक कॉफी दोघांत. मग परसात गोणपाट पसरून ओला-सुका वेगळा करायचा. अण्णा काटा धरत आणि मी आकडे टिपत असे. शेवटच्या दिवशी, हा माल जातो कुठे ते बघायचं म्हणून आम्ही गल्लीतल्या कचऱ्याच्या ढकलगाडीमागून चालत गेलो. गाडी दोन वळणं घेऊन तळ्याच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि तिथेच रिकामी झाली. अण्णांच्या परसातून ते टोक दिसत नाही.

आमचा केर केरेतच जात होता. मला अहवालाचं शेवटचं पान मिळालं म्हणून आतून आनंद झाला, आणि अण्णांकडे बघून त्या आनंदाची लाजही वाटली. ते काठापर्यंत गेले. "आमचाच कस," एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांनी परसात मोगऱ्यापाशी खड्डा खणायला घेतला, ओला कचरा पुरायला. मीही दोन-चार फावडी मारली.

अहवाल मुदतीच्या दोन दिवस आधी सरांच्या टेबलावर ठेवला. जिना उतरताना पाय इतके हलके झाले होते की दोन-दोन पायऱ्या सोडत उतरलो. आठवड्याने तो परत आला, त्यावर लाल शाईत एक ओळ : 'कामात कस आहे.' परीक्षेला बसलो, पासही झालो.

मध्यंतरी पुन्हा बंगलोरला गेलो होतो. जाताना मनात धाकधूक होती, कारण तिकडची कितीतरी तळी आता नुसत्या बसथांब्यांच्या नावात उरलीत. हे आहे. थोडं आकसलंय, भोवती कुंपण आहे, पण बगळे उतरतात. पाहून जीव भांड्यात पडला. तुम्ही गेलात तर सकाळी जा, आणि पलीकडच्या टोकापर्यंत चाला.

सरांचा शेरा मी तेव्हा त्याच आठवड्यात मोठ्या अभिमानाने अण्णांना कळवला होता. उलट टपाली त्यांचं कार्ड आलं, ते अजून माझ्याकडे आहे.

"कामात कस आहे लिहिलं? सरी, बरोबर. असणारच की. पाच दिवस आपणच वेचला."