ओदीलचा तिसरा सहीवाला

लुइझियानाच्या खाडीकाठी ओदील रोबिशो खेकडे पकडून विकायची. नवरा गेल्यावर बोटही तीच चालवू लागली. पण आता इंजिन धापा टाकत होतं, आणि नवं घ्यायचं तर क्लोव्हिस एडेलकडे अडकलेले पैसे सुटायला हवे होते. क्लोव्हिसची गावात खानावळ होती, आणि तिचे खेकडे तो उधारीवर घ्यायचा. पैसे मागितले की तो म्हणायचा, "पुढच्या सोमवारी." खानावळीतले फ्रीज आणि शेगड्या आता मेहुण्याच्या नावावर जाणार, अशी कुणकुण लागली, तशी ओदीलने तडक वकील गाठला.

"कोर्टाकडून त्याला दिवाळखोर ठरवून सामान अडवायचं, तर एकटीने भागणार नाही, ओदीलबाई," वकील म्हणाले. "त्याचे धनको डझनाच्या वर आहेत. अर्जावर निदान तिघांच्या सह्या हव्यात, आणि तिघांचंही थकलेलं येणं वादातीत हवं."

क्लोव्हिसने असाच झुलवलेला पाववाला आल्सीद लगेच तयार झाला. बर्फवाला न्यूमा मात्र कुरकुरला, "अगं, गावात तोंड कसं दाखवू?"

"आज दाखवतोस तसंच. त्यात आणखी बिघडण्यासारखं काय राहिलंय?"

न्यूमा खो खो हसला आणि सही करून मोकळा झाला.

क्लोव्हिसही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने उत्तर दिलं, न्यूमाचा बर्फ निकृष्ट, वाटेतच त्याचं पाणी व्हायचं. सबब न्यूमाचं येणं नामंजूर. तिसरा सहीवाला गळला, तर अर्ज लंगडा पडणार होता.

"बर्फ वितळणार नाही तर काय अंडी घालणार?" न्यूमा कोर्टाच्या पायऱ्यांवर तणतणत होता.

सुनावणीत वकिलांनी क्लोव्हिसला शांतपणे विचारलं, "बर्फ इतका वाईट, म्हणजे तुमच्या खानावळीत लोकांनी नासकीच कालवं खाल्ली म्हणायची?"

क्लोव्हिस ताडकन उठून न्यायाधीशबाईंकडे वळला. "नासकी? माझ्याकडे? बाईसाहेब, वीस वर्षांत माझं एक कालव नासलेलं नाही! बर्फ असा टणक की फोडायला हातोडा लागायचा!"

सगळं दालन हसलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने खाली पाहिलं. वाद खरा नाही, अर्ज मंजूर, असा निकाल त्यांनी दिला. कोर्टाने नेमलेल्या माणसाने खानावळीला कुलूप लावलं. मेहुण्याचा ट्रक रिकामा परतला.

सामान विकून झालेल्या वाटणीत ओदीलला सगळे पैसे मिळाले नाहीत, पण जुन्यातलं बरं इंजिन आलं. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा न्यूमा काठावरून ओरडला, "बाई, हळू! खेकडे पळून जातील!"

"पळू देत," ती म्हणाली, "मी आता त्यांना गाठू शकते."